ज्याचा अंगठा गेला तो पडद्यावर कुठाय?

तेंदूपान:
नेटफ्लिक्सवरची ‘जामतारा – सबका नंबर आएगा’ ही मालिका दुसऱ्यांदा बघून संपवली. २०२० चा पहिला सीझन, २०२२ चा दुसरा, दोन्ही. झारखंडमधली पोरं बँकेतून बोलतोय सांगून लोकांचे कार्ड नंबर, ओटीपी काढून घेतात, ही गोष्ट. कौतुक सगळीकडं एकच, की बघा, आडगावची साधी पोरं पडद्यावर आली. आली, कबूल. पण कुठली? सनीची स्वप्नं आहेत, रॉकीचा राग आहे, गुडियाला परदेशी जायचंय. आणि ज्यांना लुटलं ते? फोन उचलतात, घाबरतात, नंबर सांगतात, संपले. त्यांना ना गाव, ना जात, ना भाषा.

माझी आत्या सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळते. चाळीस वर्षं पान कातरून, तंबाखू भरून, कडा दुमडून बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. पदराला पुसते, तोंडाची वाफ देते, मग दुसरं बोट, मग तिसरं. अशा बाईच्या खात्यातून मागच्या वर्षी कुणीतरी आधारवर अंगठा लावून पैसे काढले. तीन वेळा. फोन नाही, ओटीपी नाही. स्वतःचा अंगठा तिला चालत नाही, चोराला चालला! हिच्यावर मालिका कोण काढणार?

चादर_नंबर_एक:
काय बोललालाव मालक? मालिका आहे ती, पंचनामा नव्हे. चोराच्या पोटात शिरल्याशिवाय रंगत येत नाही. आत्याचं वाईट वाटलं, खरंच. पण दहा भाग बाई बँकेच्या रांगेत उभी दाखवली तर बघणार कोण? पोलीस अधीक्षक बाई दाखवलीय, टोळीचा हिशोब कळणारी गुडियाही बाईच. अजून काय पाहिजे? पात्रांचा काय रेशनसारखा कोटा ठरवायचा, घरटी एक?

मग्गम:
कोटा कुणी मागितला? जामतारा जिल्ह्यात संथाळ आदिवासींची वस्ती मोठी आहे. मुख्य पात्रांत मला तरी एक संथाळ सापडला नाही, एवढंच म्हणतो.

आमचं तसंच. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड नाहीतर उर्दू. पडद्यावर आमच्यातला आलाच तर हेल काढून बोलणारा, लोकांना हसवायला. सोलापुरात चार पुतळ्यांच्या चौकात जाऊन नावं वाचा: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. १९३१ ला फाशी गेलेले चौघे. इथली गोष्ट लिहायला घेतली की नावं अशीच येतात, मुद्दाम पेरावी लागत नाहीत.

सातरस्ता:
पडद्यावर यायचंय, पण कसल्या भूमिकेत याचा विचार केलाय का? त्याच जामतारा जिल्ह्यात करमाटाडला बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर कित्येक वर्षं राहिले, तिथल्या स्टेशनला त्यांचं नाव आहे. कुणाला पत्ता नाही. आता अनोळखी फोन आला की लोक म्हणतात, जामतारावाला दिसतोय. उद्या सोलापूरच्या नावानं अंगठाचोरांची मालिका निघाली तर आमच्या पोरांना पुण्यात भाड्यानं खोली मिळेल का? त्यापेक्षा न दिसलेलं बरं.

तेंदूपान:
अहो, मग आपण एकच बोलतोय की! गावाला डाग लागतो तो चोराच्या गोष्टीनं. ज्याचं गेलं त्याची गोष्ट सांगितली म्हणून कुठलं गाव बदनाम झालंय?

सातरस्ता:
बदनाम नाही, पण बिचारं तर होतं. तेही नको आम्हाला.

मग्गम:
विडी वळणाऱ्या बाईला एकदा बिचारी म्हणून बघा तोंडावर. मग कळेल.

चादर_नंबर_एक:
ते मात्र खरं 😄 आमच्या गल्लीतली अक्का ऐकून घेणार नाही. तरी मालिका कंटाळवाणी होणार, लिहून ठेवा. ते जाऊ दे, आत्याचं बायोमेट्रिक लॉक केलं का, म्हणजे अंगठा कुणालाच वापरता येऊ नये म्हणून कुलूप? आधारच्या ॲपवरून होतं.

तेंदूपान:
केलं होतं. पुढच्याच महिन्यात रेशनवर अंगठा लागेना. तिला वाटलं नेहमीचंच. पदराला पुसून चारदा झालं, मागं रांग ओरडायला लागली, दुकानदार म्हणाला उद्या या. संध्याकाळी मला सांगत होती तेव्हा डोक्यात उजेड पडला, कुलूप मीच घातलेलं. उघडायचं तर ओटीपी माझ्या मोबाइलवर, आणि मी दिवसभर कामावर.

आता उघडंच ठेवलंय.