खिडकीचे ओपनिंग आणि कंत्राटदाराशी झालेले वाद : आपले अनुभव लिहा

घराचे काम काढले की गवंडीकामाच्या कंत्राटदाराशी पहिला खटका बहुधा खिडकीपाशी उडतो. भिंत फोडून खिडकीसाठी मोकळी जागा (ओपनिंग) करणे, त्या जागेच्या कडांचा गिलावा, ग्रॅनाइटची चौकट आणि ॲल्युमिनियमची सरकती खिडकी ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि सांध्यात काही बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. काय ठरले होते, वाद कशावरून झाला आणि तो कसा मिटला, हे कृपया लिहावे. कंत्राटदाराचे नाव मात्र नको.

मुलुंड
आमचे बैठे घर आहे आणि आमचा वाद निव्वळ मापाचा होता. गिलाव्याचा दर चौरस फुटावर ठरला होता. पण बिल आले तेव्हा खिडक्यांच्या जागी भरीव भिंत धरलेली दिसली. चार बाय चारची खिडकी म्हणजे १६ चौरस फूट, आतून-बाहेरून मिळून ३२. जी भिंत नाहीच तिचे पैसे का द्यावेत, असे मी विचारले. त्यावर कंत्राटदार म्हणाला, “साहेब, कडा कोण करणार? सपाट भिंतीपेक्षा मिस्त्रीचा जास्त वेळ तिथेच जातो.” शेजारच्या निवृत्त अभियंत्यांनी भारतीय मानक १२०० काढून दाखवले. त्यानुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतचे ओपनिंग वजा करत नाहीत, ०.५ ते ३ चौरस मीटरचे असेल आणि दोन्ही बाजूंना एकच गिलावा असेल, तर एकाच बाजूचे वजा करतात आणि कडा वेगळ्या मोजत नाहीत. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजू वजा होतात, पण कडांचे माप धरले जाते. आमची खिडकी सुमारे दीड चौरस मीटरची, म्हणजे १६ फूट गेले आणि १६ राहिले. करारात या मानकाचा उल्लेख नसल्याने ते त्याच्यावर बंधनकारक नव्हते. तरीही आपले निम्मे म्हणणे छापील दिसल्यावर तो नरमला, आणि खरे सांगायचे तर मीही नरमलो.

गिरगाव
आमची इमारत जुनी आणि भार भिंतींवर असलेली. खिडकी रुंद करायची होती, आणि कंत्राटदाराने “काही होत नाही” म्हणून टेकू न लावताच घण घालायला सुरुवात केली. मी काम थांबवले. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार असे फेरबदल करण्यापूर्वी आयुक्तांना सूचना द्यावी लागते, हे त्याच्या गावीही नव्हते. संरचना अभियंत्याने नवी लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीत टेकलीच पाहिजे असे लिहून दिले, तेव्हा त्याने टेकूंचे आणि वाढीव फोडकामाचे पैसे मागितले. अंगावर (ठरावीक एकरकमी पैशांत) दिलेल्या कामात हे धरलेले असते, असे माझे मत. ते त्याला आजही मान्य नाही.

चेंबूर
खिडकीवाल्याने माप घेतले ते ग्रॅनाइट बसण्यापूर्वी. दगड आणि त्यामागचा माल मिळून प्रत्येक बाजूला दीड इंच गेला आणि चौकट आत जाईना. शिवाय ओपनिंग गुनियात (काटकोनात) नव्हते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला, तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच मोठा निघाला. मग गवंड्याचे तोंड बंद झाले. कडा त्याने फुकट सरळ करून दिल्या आणि नव्या चौकटीचा खर्च खिडकीवाल्याने सोसला.

अंधेरी (मी स्वतः कंत्राटदार आहे)
वरचे अनुभव वाचून आमचीही बाजू मांडतो. गळती झाली की आधी गवंड्याला फोन येतो. पण पुष्कळदा पाणी सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तुंबून आत येते, कारण ट्रॅकची बाहेरची छिद्रे सिलिकॉनने बुजवलेली असतात. सिलचा (खिडकीच्या तळाच्या कडेचा) उतार आतल्या बाजूला असेल, तर ती चूक निश्चितच आमची. म्हणून चौकट बसण्यापूर्वी मी मालकासमोर सिलवर तांब्याभर पाणी ओततो, ते बाहेर वाहताना फोटो काढतो आणि मगच काम ताब्यात देतो. काम मार्चमध्ये संपते, पाऊस जूनमध्ये येतो आणि मालक तोवर शेवटचा हप्ता अडवून धरतात. त्यालाही माझी हरकत नाही. फक्त किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कोटेशनमध्येच लिहिलेले असावे.