मदत हवी आहे: एकाच कॅमेऱ्याने माणसांचे स्टिरिओ फोटो

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या ओळखीचे काही वयस्कर विणकर अजून हातमागावर बसतात. त्यांचे स्टिरिओ फोटो (डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळे असे दोन, जे एकत्र पाहिले की खोली दिसते) काढून ठेवायची फार इच्छा आहे. साध्या फोटोत चेहरा येतो, पण समोरचा ताणा (मागावरचे उभे धागे), त्यामागे विणकर मामा आणि त्यांच्यामागची भिंत यांतली खोली येत नाही. माग असलेली जागा तर त्या खोलीमुळेच जिवंत वाटते.

कॅमेरा एकच आहे. ट्रायपॉडवर मॅक्रो रेल (कॅमेरा थोडा थोडा सरकवायची पट्टी) लावून आधी डावा फोटो घेतो, मग कॅमेरा उजवीकडे सरकवून दुसरा. नुसत्या मागाची जोडी सुरेख जमते. माणूस मात्र मधल्या दोन-तीन सेकंदांत हलतोच. मान आडवी जराशी कलली तरी डोळे तिला खोली समजतात आणि नाक चेहऱ्यापासून सुटून पुढे आल्यासारखं दिसतं. श्वासाने खांदा वरखाली झाला तर पाहताना डोळ्यांवर ताण येतो.

माणूस दीड मीटरवर आहे, म्हणून १/३० च्या नियमाने (अंतराच्या तिसाव्या भागाइतकं सरकवायचं) ५ सेंमी सरकवतो. हे बरोबर आहे का? आणि कॅमेरा थोडा आत, चेहऱ्याकडे वळवावा का? लेन्सपुढे आरसे लावून दोन्ही चित्रं एकदम घेणारी जोडणी घ्यायची नाही, त्यात चित्र फार अरुंद होतं.

प्रतिसाद १

विषय फार आवडला, हे काम नक्की करा.

१/३० चेहऱ्यापासून नाही, चौकटीतल्या सर्वांत जवळच्या वस्तूपासून मोजायचं. तुमच्या चौकटीत ती वस्तू ताणा आहे. तो एक मीटरवर असेल तर ३ सेंमी पुरे, भिंत लांब असेल तर त्याहूनही कमी. डोळ्यांतलं अंतर साडेसहा सेंमीच्या आसपास असतं म्हणून तेवढंच सरकवायला हवं असं नाही. शिवाय कमी सरकवायचं म्हणजे वेळही कमी लागतो.

कॅमेरा वळवू नका. वळवला की दोन्ही चित्रं विरुद्ध बाजूंनी तिरपी होतात आणि कोपऱ्यांत उभा फरक पडतो. समांतर सरकवा, चौकट थोडी मोठी ठेवा, नंतर कापा. स्टिरिओ फोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर जोडी चांगली जुळवून देतं.

मामांना लेन्सकडे बघायला सांगू नका, कॅमेरा सरकला की नजर त्याच्यामागे जाते. धोट्यावर (आडवा धागा नेणाऱ्या नळीवर) नजर, कोपरं मागावर टेकलेली, श्वास सोडून क्षणभर थांबायचं. आणि दोनच फोटोंवर थांबू नका. डावा, उजवा, परत डावा, परत उजवा असे घेत राहा, लागोपाठच्या दोन फोटोंची एखादी जोडी जुळतेच. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर दोन्ही फोटोंचा उजेड वेगळा येईल.

धागाकर्ता

मनापासून आभार! ताण्यापासून मोजायचं हे लक्षातच आलं नव्हतं. आणखी एक: बऱ्याच मामांना चष्मा आहे. काचेवरची दाराची चमक दोन्ही फोटोंत वेगळ्या जागी येते आणि पाहताना तिथेच लुकलुकते. चष्मा काढायला सांगावंसं वाटत नाही, त्याशिवाय त्यांना धागा दिसत नाही.

प्रतिसाद २

चष्मा राहू द्या. काचेत दाराची चमक दिसणार नाही अशा बाजूला कॅमेरा लावा आणि मान थोडी खाली, विणीकडे असू द्या. विणताना ती तशीच असते.