वृक्षबेडूक झाडावर असतो कुठे?

रावेरहून प्रश्न: मुलीने प्रकल्पवहीत ‘ट्री फ्रॉग’साठी ‘वृक्षबेडूक’ लिहिलं. आजी म्हणाली, “झाडवर कुठे? तो ते न्हानीमां भीतले चिटकेल ऱ्हास!” पावसाळ्यात आमच्या मोरीत, रांजणामागे दिसणारा तपकिरी सडपातळ बेडूक तोच का? मग हे नाव बरोबर कसं?

– बोटांच्या टोकांना चकत्या असतील तर बहुधा तोच. आजींचं म्हणणं इंग्रजीलाही मान्य आहे. त्याचं जुनं नाव ‘चुनाम फ्रॉग’. चुनाम म्हणजे चुन्याचा गिलावा. गुळगुळीत भिंतीवर चिकटतो म्हणून हे नाव. हा शब्द आणि आपला ‘चुना’ दोन्ही ‘चूर्ण’ या संस्कृत शब्दाकडे जातात. म्हणजे इंग्रजांनी नाव दिलं ते भिंत बघून! आमच्या धाब्याच्या घराला चुना नव्हता, तरी तो यायचाच.

– शास्त्रीय नावातही झाड नाही. ‘पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटस’मधला ‘मॅक्युलॅटस’ लॅटिन, अर्थ ठिपक्यांचा. बसलेला असताना ठिपके दिसणार नाहीत. पाय ताणला की मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके दिसतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे याने १८३० मध्ये त्याला ‘हायला’ वंशात घातलं होतं. आता ‘हायला’ वंश वेगळ्या कुळात आहे, पण ‘ट्री फ्रॉग’ दोन्ही कुळांतल्या बेडकांना म्हणतात. मराठीतलं ‘वृक्षबेडूक’ त्या ‘ट्री फ्रॉग’वरूनच आलेलं.

– अहो, पण झाडाचा संबंध अगदीच तोडू नका. विहिरीवर वाकलेल्या उंबराच्या फांदीला पांढरा फेस लोंबतो ना, तो यांचाच. मादी स्राव सोडते, तो मागच्या पायांनी घुसळून फेस होतो, अंडी त्यात. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. पिल्लं खाली थेट पाण्यात पडतात. याला काही जण ‘फेसाचं घरटं’ लिहितात. मला खटकतं. घरट्यात कोणी परतून येतं. इथे कोण येणार? ‘अंडीफेस’ म्हणा. पिल्लाला ‘बेडूकमासा’ आहेच.

– आणि कृपा करून त्याच्या तोंडी ‘डराव’ घालू नका. नर ‘टक् टक् टक्’ करतो, लाकडावर कोणी टिचकी मारल्यासारखं. आम्ही लहानपणी मोरीचं दार वाजतंय समजायचो.

रावेरहून: वहीत ‘वृक्षबेडूक’च ठेवलंय. चित्रात मात्र मुलीने मोरी काढली, शेजारी आजीचा तांब्या.