मदत हवी आहे: श्रिम्पच्या टाकीतला पीएच खाली टिकतच नाही

निळाई: पीएच ८.२ आहे. पीएच डाऊनचे थेंब टाकले की ७ वर येतो, सकाळी बघावं तर पुन्हा ८.२. पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी एक-दोन श्रिम्प मेलेले असतातच. दुकानदार म्हणतो थेंब वाढवा. पीएच कायमचा खाली कसा आणायचा, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

काठावरचा: श्रिम्प चेरी जातीचे की क्रिस्टल? पाणी नळाचं की बोअरचं? तळाला काय आहे? केएच (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट), जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियम) किती?

बदामपान: देशी बदामाची वाळून गळलेली पानं टाका. झाड फवारणीचं नको. पाणी चहासारखं होतं, पीएच उतरतो, पिल्लांना आडोसाही मिळतो. माझ्याकडे दुसरं काही लागलंच नाही.

काठावरचा: पानं चांगलीच, पण केएच जास्त असेल तर त्यांनी पीएच हलणार नाही.

निळाई: चेरी आहेत. पुणे, सोसायटीचं बोअर. केएचची किट नाही. पीएचबद्दल बोला ना कोणीतरी.

गप्पीवाला: लिंबू पिळा थोडं. गप्पींना मी तेच करतो.

शेवाळी: लिंबू अजिबात नको! ते आम्ल जिवाणू खाऊन टाकतात, पीएच परत वर आणि मधल्या वेळात ऑक्सिजन कमी. गप्पी सोसतात, श्रिम्प नाही सोसत.

गप्पीवाला: माझे मासे ठणठणीत आहेत, एवढंच सांगतो.

काठावरचा: निळाई, पीएचबद्दलच बोलतोय. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. थेंबांतलं आम्ल त्याच्यात खर्च होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो, तेवढ्यापुरता पीएच पडतो. रात्रभरात वायू उडून जातो, पीएच वर. पीएचचा एक अंक म्हणजे आम्लता दहापट. रोजचा हा झोका जिवावर येतो, ८.२ नाही. चेरी ६.५ ते ८ मध्ये मजेत राहतात, थोडं वर गेलं तरी सवय होते.

कोकणकडा: आमचं उलटं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, केएच जवळजवळ शून्य, पीएच ६ च्या आसपास. कात टाकताना श्रिम्प अडकून मरायचे. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा पिशवीत घालून ठेवला, तेव्हा थांबलं.

मोठीटाकी: आरओ वापरा, विषय संपला.

शेवाळी: नुसत्या आरओत चेरी कात कशी टाकतील? कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. शिवाय घरच्या बऱ्याच आरओंना टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मोजल्याशिवाय वापरू नका.

काठावरचा: तळाला काय ते राहिलंच. आणि एका वेळी किती पाणी बदलता?

निळाई: अर्धी टाकी. तळाला पांढरे खडे, टाकीबरोबर आले होते.

काठावरचा: एक खडा काढून वाळवा, वर व्हिनेगर टाका.

निळाई: फेस आला!!

काठावरचा: मग संगमरवर किंवा तसलाच चुनखडीचा दगड आहे, तोही केएच चढवत राहतो. थोडे थोडे करून काढा, एकदम उपसलंत तर खालचा गाळ उठेल. थेंब आजपासून बंद. पाणी दहा टक्केच बदला, तेही सलाईनच्या नळीने थेंब-थेंब. अमोनिया नक्की मोजा, या पीएचला तो जास्त विषारी असतो. बेसाल्टची काळी खडी चालेल.

बदामपान: आणि दोन पानं.

निळाई: ठीक, खडे काढतो. मेडिकलमधून सलाईन सेट पण आणला. म्हणजे पीएच खाली आणायचाच नाही?

काठावरचा: नाही. स्थिर ठेवायचा.

तळ्यातमळ्यात: माझ्या गोगलगायींच्या शंखांना पांढरे खड्डे पडताहेत. पीएच ६.२, तळाला सॉइल (पीएच उतरवणारी टाकीची तयार माती). संगमरवर टाकू का?

शेवाळी: टाकीत क्रिस्टल आहेत का? असतील तर नको. वेगळा धागा काढा, केएच-जीएच मोजूनच या.