मिगेल जगला असता तर? आविश घराण्याची स्पेनवरची न झालेली गादी

दर्यावर्दी
२३ ऑगस्ट १४९८, सारागोसा. पोर्तुगालचा आविश घराण्यातला राजा मॅनुएल याची राणी इसाबेल बाळंतपणात गेली, मुलगा वाचला. नाव मिगेल. आईकडून कास्तील आणि आरागॉन (म्हणजे पुढचा स्पेन), बापाकडून पोर्तुगाल, तिन्ही गाद्यांना हा एकच वारस. तिन्हीकडच्या सभांनी त्याला वारस मानलंही. (वास्को द गामा तेव्हा कालिकतहून निघायच्या तयारीत होता.) १९ जुलै १५०० ला पोर ग्रानाडात गेलं. दोन वर्षंही पुरी नाहीत. वारसा सरकला मावशी हुआनाकडे, तिच्याकडून तिचा मुलगा पाचव्या चार्ल्सकडे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे.

माझं मत: मिगेल जगता तर लिस्बनपासून बार्सिलोनापर्यंत आविश घराणं नांदलं असतं, आणि अमेरिकेची चांदी जर्मनी-नेदरलँड्सच्या लढायांत उधळली गेली नसती. ते लोढणं चार्ल्सच्या बापाच्या घरचं, स्पेनच्या गळ्यात उगाच पडलं.

तिरकस
आत्याबाईला मिश्या असत्या तर...

दर्यावर्दी
इथे आत्याबाई नाहीत, मावशीबाई आहेत. आणि मिश्या नकोत, पोराला फक्त वीसेक वर्षं हवी होती.

जुनी वही
वीस वर्षं कोण देतं हो? आजी इसाबेल, कास्तीलची राणी, १५०४ ला गेली. मिगेल तेव्हा सहा वर्षांचा. कास्तीलचा कारभार कुणी बघायचा, आरागॉनचा राजा असलेल्या आजोबा फर्नांदोने की बापाने? हा आजोबा प्रत्यक्षात जावयाशी, म्हणजे हुआनाच्या नवऱ्याशी, कारभारावरून भांडलाच. वर दुसरं लग्न केलं. १५०९ ला त्या बायकोला मुलगा झाला, तो काही तासांत गेला. तो जगता तर आरागॉन कास्तीलपासून पुन्हा वेगळं झालं असतं. म्हणजे एक पोर गेलं म्हणून हळहळायचं, तर दुसरंही मोजा.

शिवाय १४९९ मध्ये मॅनुएलला लिहून द्यावं लागलं की पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजच बघतील. पोर पाळण्यात असतानाच लोक वाटणीची भाषा करत होते. हे कसलं एक राज्य? एक डोकं, तीन पागोटी.

मांडवीकाठ
मी गोव्याचा, म्हणून माझं गणित वेगळं. १५८० ला पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं. डच त्या राजाविरुद्ध आधीपासून लढत होते, आता पोर्तुगीज वसाहतीही त्यांच्या तावडीत आल्या. १६४१ ला मलाक्का गेलं, १६६३ ला कोची. मिगेलच्या वंशाकडे नेदरलँड्स नसतंच, तर डचांचं हे वैर कुठून आलं असतं?

तिरकस
मिरीच्या भावातून. व्यापाऱ्याला वैराला राजा लागत नाही. आणि गोवा पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्येच घेतला, मॅनुएलच्याच अमलात. तुमचा मिगेल काय थांबवणार होता?

मांडवीकाठ
घेण्याचं नाही, राखण्याचं बोलतोय. पण मिरीचा मुद्दा मान्य.

रिकामटेकडी
सगळे नकाशे रंगवताय, पण हे पोर जन्मलं कुठल्या अटीवर? पोर्तुगालमधून ज्यूंना घालवा तरच लग्न, अशी अट होती. १४९६ ला फर्मान निघालं, पुढच्या वर्षी हजारोंना बळजबरीने बाटवलं. दर्यावर्दी, तुमच्या आविश घराण्याने चांदी वाचवली असती, माणसं नाही.

दर्यावर्दी
हा मुद्दा मी धाग्यात घालायलाच हवा होता, चूक कबूल. चांदीचं मत मात्र बदलत नाही.

जुनी वही
बदलू नका. पण एक गंमत बघा. मिगेल जुलैत गेला आणि ऑक्टोबरात मॅनुएलने धाकटी मेव्हणी मारिया केली, म्हणजे मिगेलची दुसरी मावशी. तिची मुलगी चार्ल्सला दिली. त्यांचा मुलगा दुसरा फिलिप, आणि १५८० ला तिन्ही मुकुट त्याच्याच डोक्यावर आले. मारिया त्याची आजी. तुमचं एकत्र राज्य झालं की हो, ऐंशी वर्षं उशिरा, तेही हाब्सबुर्गांच्या नावावर!

तिरकस
आणि ६० वर्षांत फुटलंही. पागोटी तीनच राहिली.