बिजागरीचे सौर पंख पुरे झाले, आता गुंडाळीचे घ्या

खानापूरचा मास्तर:
उपग्रहाचे सौर पंख, म्हणजे उन्हावर वीज बनवणारी पॅनलं, कसे मिटतात-उघडतात हे दाखवायला काल वर्गात पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या चिकटपट्टीनं जोडल्या. दोन उघडल्या, तिसरी अडली. पोरं फिदीफिदी हसली. पण माझं मत पक्कं झालं, बिजागरीपेक्षा गुंडाळी बरी. २०२१ मध्ये अंतराळ स्थानकावर लावलेला आयरोसा हा सौर पंख बघा. चटईसारखा गुंडाळून नेला. कडांच्या कंपोझिट नळ्या चपट्या करून गुंडाळायच्या, त्यांच्यातला ताणच पंख उलगडतो. मोटार नाही. १८ मीटर लांबीचा पंख दहाएक मिनिटांत सरळ!

उद्यमबागचा फिटर:
मास्तर, चिकटपट्टी म्हणजे बिजागरी न्हवे की हो! पॅनलं दाबून धरणारी पकड कक्षेत गेल्यावर कापतात, मग पिळाच्या स्प्रिंगा ढकलतात. सगळी एका तालात उघडावीत म्हणून पुलीवरून केबल फिरवलेली असते. तुमच्या पुठ्ठ्यात तीच नव्हती. शेवटी खिट्टी बसली की पॅनल ताठ. आणि गुंडाळीचं कौतुक करताय तर हबल अंतराळ दुर्बीण आठवा. १९९० मधले पंख गुंडाळीचेच. सावली-उन्हाच्या फेऱ्यात दांडे तापून-निवून वाकायचे, दुर्बीण थरथरायची. १९९३ मध्ये ते बदलले, नवेही गुंडाळीचेच; २००२ मध्ये ताठ पॅनलं बसवली तेव्हा गुंडाळी गेली.

खानापूरचा मास्तर:
ते दांडे पोलादी होते, कंपोझिट नव्हते. आणि ताठ पॅनलं अडत नाहीत होय? १९८३ चा आपला इन्सॅट-१बी उपग्रह घ्या. ऑगस्टअखेर सोडला, पंख पूर्ण उघडेपर्यंत सप्टेंबर निम्मा सरला. झुंजत कोण होतं, आपल्याच हासनच्या उपग्रह नियंत्रण केंद्रातली माणसंही.

शहापूरची विणकर:
मला तुमच्या दोघांच्या भांडणात दोरीचा ताण दिसत नाही. २०२१ मध्ये सुटलेल्या नासाच्या लुसी यानाचा पंख ना पॅनलांचा ना गुंडाळीचा, पंख्यासारखा गोल. मोटार दोरी ओढून तो उघडते. दोरीचा ताण सुटला, ती रिळावर नीट बसली नाही आणि एका पंखाला कुलूप लागलंच नाही. मागावर सूत ढिलं पडलं की काय होतं, ते आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ताण कोण राखतं ते आधी सांगा, घडी की गुंडाळी ते मागनं.

उद्यमबागचा फिटर:
अक्का, हे पटलं. तरी माझं मत बिजागरीलाच. तिची चाचणी जमिनीवर घेता येते, पॅनलं वरच्या रुळाला टांगून, वजन काढून.

खानापूरचा मास्तर:
आणि वंगण? तुमच्या दुकानातलं ग्रीस चालेल?

उद्यमबागचा फिटर:
छे! निर्वातात ते उडून जाईल, पॅनलांच्या काचांवर बसेल. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर देतात. पुढच्या तासाला पट्ट्यांना दोरा लावून बघा, मास्तर.