प्रभात बुडाली ती शांतारामबापू गेल्यामुळे, की पगारपत्रकामुळे?

तुतारी
१९४२ साली दिग्दर्शक आणि भागीदार व्ही. शांताराम (बापू) बाहेर पडले आणि प्रभात फिल्म कंपनी संपली, हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. १ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच भागीदारांनी कंपनी काढली, १९३३ ला ती पुण्यात आली. सुतार, रंगारी, शिंपी, फिल्म धुणारी रसायनशाळा, नटनट्या, सगळे महिन्याच्या पगारावर. चित्रण चालू असेल तोवर हे स्वस्त पडतं, कुणाच्या तारखांसाठी सेट अडून राहत नाही. चित्रण थांबलं की तोच पगार उरावर बसतो. युद्धात सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली (जेमतेम दोन तास), मग कच्ची फिल्मही परवान्यावर गेली. पगार मात्र दर महिन्याला द्यायचाच.

मंगळवारपेठ
साफ असहमत. हेच पगारपत्रक तेरा वर्षं पेललं, कारण दोन तुकड्या होत्या: एक फ्लोअरवर (चित्रणात), तर दुसरी पटकथेवर. बापू गेले आणि ही आळीपाळी थांबली. ‘रामशास्त्री’ (१९४४) बघा. दिग्दर्शक बदलत गेले, शेवटी रामशास्त्री साकारणाऱ्या गजानन जागीरदारांनीच तो तडीस नेला. चित्रपट उत्तम उतरला, पण मधले दिवस कोण भरून देणार? शिवाय राजकमलचं काय? बापूंनी परळला तो स्टुडिओ १९४२ मध्येच थाटला, ११,००० फुटांची अट त्यांनाही होती. तरी पुढच्याच वर्षी ‘शकुंतला’ आला आणि तुफान चालला.

रीळमाप
दोघांच्याही हिशेबात द्विभाषिक चित्रण आलेलं नाही. ‘अयोध्येचा राजा’पासून (१९३२) प्रभातची बरीच चित्रं मराठी-हिंदी दोन्हींत निघाली. सेट, कपडे, दिवे तेच. मराठी टेक पास झाला की नट पुन्हा आपल्या खुणेवर उभे राहून तोच प्रसंग हिंदीत करायचे. वाक्याची लांबी बदलली की कॅमेऱ्याच्या ट्रॉलीची वेळ चुकते आणि पुन्हा टेक. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. दोन मिनिटांचा शॉट, प्रत्येक भाषेत तीन टेक, म्हणजे १,०८० फूट. सेटचा खर्च वाचतो तो असा फिल्मवर जातो. फिल्म मुबलक असेपर्यंतच ही चाल फायद्याची.

तुतारी
हे मान्य, माझ्याकडून राहिलं होतं. पण मंगळवारपेठ, राजकमलला मालक एकच होता. दिग्दर्शकच म्हणाल, तर ‘संत तुकाराम’ (१९३६) दामले-फत्तेलाल या दुसऱ्या दोन भागीदारांचा आहे, तोही फक्त मराठीत. मुंबईत वर्षाहून जास्त चालला, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. ‘संत ज्ञानेश्वर’ही (१९४०) त्यांचाच. बापूंवाचून अडलं होतं कुठे?

मंगळवारपेठ
अहो, त्याच १९३६ ला बापूंचा ‘अमरज्योती’ही आला! एका वर्षात दोन तुकड्यांची दोन चित्रं, मी दुसरं काय म्हणतोय? ‘तुकाराम’ला सवडीने घडवता आलं, कारण शेजारच्या फ्लोअरवर दुसरं चित्र तयार होत होतं. १९४५ ला दामलेमामा वारले, तेव्हा उरलेली तुकडीही अर्धी झाली. १९५३ ला कुलूप लागलं, त्याची सुरुवात मी तरी १९४२ मध्येच धरतो.